स्थलांतर आणि उत्पन्नाचे प्रवाह : द्वारकेचे उदाहरण

एखादे कुटुंब बिऱ्हाड हलविते, तेव्हा माणसांबरोबर त्यांचे उत्पन्नही हलते. जनगणनेत मागील वास्तव्याचे ठिकाण विचारले जाते. उत्पन्न मात्र विचारले जात नाही.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, पालम विमानतळाच्या पश्चिमेला, १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली विकास प्राधिकरणाने पप्पन कलां या नावाने जे उपनगर आखले, तीच आजची द्वारका. येथील पुष्कळशी जमीन सहकारी गृहनिर्माण संस्थांना देण्यात आली, आणि त्यांचे सभासद बहुधा पगारदार होते. २००५च्या अखेरीस मेट्रो येथवर पोहोचली. २००१ ते २०११ या दशकात मध्य दिल्ली जिल्ह्याची लोकसंख्या ६.४६ लाखांवरून ५.८२ लाखांवर उतरली; ज्यात द्वारका मोडत असे त्या नैर्ऋत्य जिल्ह्याची मात्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. कोण कोठून आले हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. वस्तीचा भार शहराच्या कडेकडे सरकत होता, एवढे खरे.

द्वारकेतील कित्येकांची नोकरी हरियाणातील गुडगावात, आजच्या गुरुग्राममध्ये, असते. पगार तेथे मिळतो. किराणा, शाळेची फी आणि घरपट्टी यांवर तो दिल्लीत खर्च होतो. याच घरांत धुणीभांडी करणाऱ्या आणि फाटकावर पहारा देणाऱ्या माणसांच्या मजुरीचा प्रवाह मात्र उलट आहे. त्यांपैकी अनेकजण बिहार, पूर्व उत्तर प्रदेश किंवा बंगालमधून आलेले असून, पोटाला चिमटा घेऊन वाचविलेली रक्कम ते गावी धाडतात. मुंबईच्या चाकरमान्यांनी कोकणातील घरे अशीच चालविली.

अमेरिकेत प्राप्तिकर खाते लागोपाठच्या दोन वर्षांच्या विवरणपत्रांवरील पत्ते ताडून पाहते. कोणत्या काउंटीत किती कुटुंबे आली, किती गेली आणि त्यांबरोबर किती उत्पन्न हलले, याचा हिशेब त्यातून मिळतो. हीच पद्धत द्वारकेला लावली तर सदनिकाधारक दिसतील. मोलकरीण दिसणार नाही, कारण ती विवरणपत्र भरीत नाही. जनगणनेत ती दिसते, परंतु तिने धाडलेले पैसे दिसत नाहीत. २००७-०८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अशा रकमांची विचारणा झाली होती, पण नमुना-पाहणीचे आकडे राज्यापुरते भरवशाचे असतात; एका उपनगराचा ताळेबंद त्यांतून निघत नाही. तिची रक्कम उमटते ती गावाकडील घराच्या उत्तरात, तीही पाहणीत नेमके तेच घर निवडले गेले तर.