करड्या पोपटाला हवी माणसांची सोबत

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हिरवागार, लाल चोचीचा राघू. पण हा आपला देशी राघू पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. म्हणून हौशी मंडळी विदेशी पक्ष्यांकडे वळली, आणि लकडगंजसारख्या गजबजलेल्या वस्तीतही आता एखाद्या घरातून करड्या अंगाच्या, लाल शेपटीच्या पोपटाची शीळ ऐकू येऊ शकते. हाच तो आफ्रिकन ग्रे. त्याचे पिल्लू घरी आले की कौतुकाला सीमा नसते. मात्र कौतुक चार दिवसांचे आणि पक्षी चाळीस-पन्नास वर्षांचा, हे गणित आधीच मांडलेले बरे.

हा पक्षी मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या जंगलांतला. तिथे तो थव्याने राहतो, थव्यानेच झोपतो. घरात आणल्यावर त्याचा थवा म्हणजे आपण. तो एका खोलीतून शीळ घालतो, तेव्हा तो 'तुम्ही कुठे आहात?' असे विचारत असतो. आपण स्वयंपाकघरातून नुसती शीळ परत दिली तरी त्याचे समाधान होते. उत्तरच मिळाले नाही, तर तो किंचाळू लागतो. आणि किंचाळल्यावरच सगळे धावत आले, तर किंचाळल्याशिवाय कोणी येत नाही, असा धडा तो शिकतो.

त्याची बुद्धी किती, हे अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स नावाच्या पोपटाने दाखवून दिले. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ मध्ये त्याला एका दुकानातून विकत घेतले. पुढे तो सुमारे शंभर शब्द शिकला. रंग, आकार ओळखू लागला आणि लहान संख्या मोजू लागला. २००७ मध्ये तो वारला. असे डोके असलेला जीव दिवसभर रिकामा बसला तर काय होईल? तो स्वतःचीच पिसे उपटू लागतो. ही सवय एकदा जडली की सुटणे कठीण. पिसे उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

दिवसाची आखणी साधी ठेवावी. सकाळी पिंजऱ्यातला कागद बदलताना विष्ठेकडे लक्ष द्यावे, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर पक्ष्याचे वजन करून ते वहीत लिहावे. पक्षी आजार लपवतो, पण वजन लपवू शकत नाही. वजन दहा टक्क्यांनी घटले तर उशीर करू नये. नंतर थोडा वेळ कोवळे ऊन द्यावे. काचेआडचे ऊन उपयोगाचे नाही, आणि पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर सावली हवीच.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे मोठी चूक होते. वाटीभर सूर्यफुलाच्या बिया टाकल्या की झाले, असे अनेकांना वाटते. त्या बियांत चरबी फार आणि कॅल्शियम अगदी कमी. कॅल्शियम घटले की या जातीच्या पोपटांना झटके येऊ शकतात. म्हणून पोपटांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांचे खाद्य, मोड आलेले मूग-मटकी, गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला, पेरू असे रोज आलटून पालटून द्यावे. नागपुरी संत्र्याची एखादी फोड चालते. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा मात्र कधीच देऊ नये. पिल्लू स्वतःहून खायला शिकलेले नसेल तर ते घरी आणूच नये. हाताने भरवताना अन्न श्वासनळीत जाऊन पिल्ले दगावतात.

लकडगंजकरांना एक सोय आयती आहे. पोपटाला कुरतडायला लाकूड लागते आणि तुमच्याकडे लाकडाच्या टाली. पण पॉलिश केलेले, प्लायवूडचे किंवा कीड लागू नये म्हणून औषध मारलेले तुकडे आणू नका. कडुनिंब किंवा पेरूची ताजी, फवारणी न केलेली फांदी धुऊन दिलेली उत्तम. तीच बसायची दांडी आणि तेच खेळणे. शेंगदाणा कागदात गुंडाळून दिला तर तो शोधण्यात त्याचा वेळ मजेत जातो. आरामशीनचा आवाज मात्र तो नक्कल करून तुम्हालाच ऐकवेल, हे गृहीत धरा!

घरातले धोके ओळखून ठेवावेत. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याची वाफ पक्ष्याला मिनिटांत मारू शकते. डासांची कॉइल, उदबत्ती, फोडणीचा ठसका हे सारे त्याच्या नाजूक फुफ्फुसांना घातक. पक्षी बाहेर काढण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकू लागला तर त्याला लगेच गारव्यात न्यावे आणि अंगावर पाण्याचा हलका फवारा मारावा. कूलरची थेट झोत मात्र नको. रात्री दहा-बारा तासांची शांत झोप हवी, तिथे टीव्ही चालणार नाही.

कायद्याचेही भान हवे. जंगलातून या पक्ष्यांची इतकी लूट झाली की घानामध्ये १९९२ नंतर त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. २०१७ पासून या जंगली पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार घरच्या पक्ष्याची नोंद 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. पावती आणि कागद नसलेला पक्षी स्वस्तात मिळाला, तरी तो घेऊ नये. आजारपणासाठी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखे ठिकाण माहीत असावे.

आणि शेवटची गोष्ट. एकाच माणसाला चिकटलेला पोपट तो माणूस गावाला गेला की खाणे सोडू शकतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी त्याला हाताळावे. दहावीतल्या मुलाने आणलेले पिल्लू तो आजोबा होईपर्यंत जगू शकते. आपल्यानंतर याला कोण बघेल, हा प्रश्न पिंजरा विकत घेण्याआधी घरात बसून विचारावा. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर पक्षी न घेणे हीच त्याच्यावरची खरी माया.