तापायलाही शिल्लक लागते

मेळघाटातल्या बालमृत्यूंचा आकडा छापून आला की मागोमाग खुलासा येतोच: मृत्यू कुपोषणाने नाही, न्यूमोनियाने. धारणी-चिखलदऱ्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना तो एव्हाना पाठ झाला असेल. खुलासा खोटा नसतो, अर्धा असतो.

दुष्काळात घर कसं मोडतं? आधी कणगी रिकामी होते, मग दागिने सावकाराकडे जातात, शेवटी बैलजोडी बाजारात उभी राहते. उपाशी शरीराचंही तसंच. यकृतातली साखर दिवसभर जेमतेम पुरते. मग चरबी, मग स्नायू. हृदयही स्नायूच, तेही झिजतं. आतड्याचं अस्तर विरतं, म्हणून पोटात गेलेलंही अंगी लागत नाही. रोगाशी लढणाऱ्या पेशी घडवणारी छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते. अशा मुलाला न्यूमोनिया झाला तरी ताप चढेलच असं नाही. तापायलाही शिल्लक लागते. मूल रडत नाही, मागत नाही. घरच्यांना वाटतं, गुणाचं आहे.

त्यात काट्याची फसवणूक. पायांवर, चेहऱ्यावर सूज आली की वजन बरं दिसतं. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1933 मध्ये असल्या सुजलेल्या मुलांचं वर्णन केलं. स्थानिक गा भाषेतला ‘क्वाशिओरकर’ हा शब्द त्यांनीच पुढे वैद्यकात आणला. धाकटं जन्मलं की थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचं दूध सुटल्यावर काय होतं, ते तिथल्या बायकांनी शब्दातच नोंदवून ठेवलं होतं!

मग पोटभर जेवू घालावं? तिथेच धोका. ताट एकदम भरलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि अशक्त हृदय बंद पडू शकतं. म्हणून उपचार सुरू होतो पातळ दुधाने: एफ-75, शंभर मिलिलिटरला 75 कॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. मूल पांढरंफटक दिसलं तरी लोह लगेच देत नाहीत. आहार-किट वाटपाचे फोटो भरपूर निघतात. रात्री दोनला वाटी-चमचा घेऊन बसलेल्या नर्सचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यात तात्कालिक कारणाखाली त्यामागच्या कारणांसाठीही जागा असते. न्यूमोनिया वरच्या ओळीत लिहावाच. खालच्या ओळीत काय लिहिलं, तेही खुलाशात यावं.