सिल्हेटचा आचारी आणि ब्रिटनचे दार

ब्रिटनमध्ये २२ जुलै २०२५ पासून परदेशी कामगारांना परवाने देण्याच्या नियमांत जो बदल झाला, त्याने आचारी हा माणूस ‘कुशल’ कामगारांच्या यादीतून वगळला गेला. ज्या कामास पदवीच्या पातळीचे शिक्षण लागते असे सरकार मानते, त्याच कामांसाठी आता परदेशातून नवा माणूस आणता येतो. त्याला अपवाद म्हणून काही व्यवसायांची तात्पुरती यादी केलेली आहे. तीत आचाऱ्याला जागा मिळालेली नाही. शिवाय आणलेल्या माणसाला वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार दिला पाहिजे, अशी सर्वसाधारण अट आहे. जे आधीच परवान्यावर काम करीत आहेत त्यांना मुदतवाढ मागता येते, एवढीच काय ती सवलत. या बदलाची झळ अनेक धंद्यांना लागली. परंतु ज्या धंद्याचा जन्मच परदेशातून आलेल्या माणसांच्या हातून झाला, त्या बांगलादेशी करी-उपाहारगृहांच्या दृष्टीने गेली साठ वर्षे थोडेथोडे बंद होत आलेले दार आता पुरते मिटले आहे.

लंडनमध्ये किंवा इंग्लंडातील एखाद्या लहानशा गावात ‘इंडियन’ अशी पाटी पाहून आत शिरणाऱ्या मराठी प्रवाशाला आत बहुधा भारतीय माणूस भेटत नाही. मालक, आचारी, वाढपी असे सगळे बहुसंख्य ठिकाणी बांगलादेशी, आणि तेही एकट्या सिल्हेट भागातले. यादीतले पदार्थही नावापुरतेच ओळखीचे. विंदालू हा मूळ गोव्याचा पदार्थ; येथे मात्र त्या नावाचा अर्थ ‘मद्रास’पेक्षा अधिक तिखट, एवढाच उरलेला असतो. या पाककृती इंग्रज गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी सिल्हेटच्या माणसांनी इंग्लंडातच घडवल्या. २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे एका भाषणात सांगितले, तेव्हा त्या कौतुकाचे खरे मानकरी हेच लोक होते.

हे लोक तेथे आले ते आगबोटींवरून. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवर कोकणातले खलाशी आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती नोकर असत. कलकत्त्याच्या बोटींवर इंजिनघरात भट्टीत कोळसा घालण्याचे काम सिल्हेटच्या माणसांकडे असे. बोटीवरची सर्वांत कष्टाची आणि कमी पगाराची जागा ती. त्यांतले काही लंडनच्या गोदीत उतरून परत गेलेच नाहीत. व्हाइटचॅपलजवळच्या कमर्शियल स्ट्रीटवर अयूब अली मास्टर यांनी चालवलेली खानावळ अशा खलाशांचा आधार होती. दुसऱ्या महायुद्धानंतर या मंडळींनी पडीक चहाची दुकाने आणि मासे-बटाट्याची दुकाने थोडक्या भांडवलात घेतली, तळलेल्या माशांबरोबर भात आणि करी ठेवू लागले, आणि पब बंद झाल्यावरही दुकान उघडे ठेवले. रात्री भूक लागलेल्या इंग्रजाला दुसरीकडे काही मिळत नसे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, इतरांना नको असलेला वेळ हेच त्यांचे पहिले भांडवल होते.

१९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकाला ब्रिटनमध्ये येऊन राहण्याची मोकळीक होती. १९६२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने कामाच्या चिठ्ठ्यांची पद्धत आणून ती आवळली. अकुशल माणसासाठीची चिठ्ठी काही वर्षांतच बंद झाली. १९७१ चा कायदा १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला, आणि नवा माणूस केवळ मजुरीसाठी येण्याचा मार्ग जवळजवळ संपला. त्यानंतर आले ते मुख्यत: आधी आलेल्यांचे बायका-मुले. नेमक्या याच काळात उत्तर इंग्लंडातील कापडगिरण्या आणि बर्मिंगहॅमकडील कारखाने मंदावले. त्यांत काम करणारे सिल्हेटी बेकार झाले आणि भावाच्या, चुलत्याच्या, गाववाल्याच्या उपाहारगृहात शिरले. करीच्या धंद्याची भरभराट झाली त्यामागे ही दोन कारणे होती: कारखान्यातून सुटलेला बाप आणि नुकताच देशातून आलेला मुलगा.

या धंद्याचे अर्थकारण नीट पाहिल्याखेरीज आजची तक्रार समजणार नाही. करी स्वस्त राहिली, कारण तिच्या किमतीत श्रमाचा पूर्ण मोबदला कधी धरलेलाच नव्हता. दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार-पाच जण दाटीने राहत, जेवण दुकानातच होई, हाती रोख थोडी मिळे. शाळा सुटल्यावर मालकाचा मुलगा टेबले पुसे. त्याला पगार देण्याचा प्रश्नच नव्हता. दुपारी दार उघडायचे आणि मध्यरात्रीनंतर मिटायचे. गिऱ्हाइकाला मिळालेली ही सवलत वस्तुत: एका कुटुंबाने दिलेले अनुदान होते. कोणत्याही अंदाजपत्रकात त्याची नोंद नव्हती, म्हणून ते बंद होऊ लागले तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

ते बंद पाडले मुलांनी. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या शाळांत बांगलादेशी मुले सर्वांत मागे असल्याची चिंता कॉमन्स सभेच्या समितीने व्यक्त केली होती. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत त्यांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहे. बापाने रात्री दोन वाजेपर्यंत उभे राहून ज्याला शिकवले, तो हिशेबनीस, वकील किंवा डॉक्टर झाला. तो तव्यापाशी परत येणार नाही, आणि यावा असे बापालाही वाटत नाही. तुटवड्याचे हे पहिले कारण आहे, आणि त्याबद्दल कोणी शोक करावा असे त्यात काही नाही. मालकांच्या संघटना मात्र आपल्या गाऱ्हाण्यात त्याचा उल्लेख ओझरता करतात व सारा दोष नियमांवर टाकतात.

अर्थात नियमांचा दोष लहान नाही. २००३ साली हॉटेल आणि अन्नप्रक्रिया या धंद्यांसाठी एक वर्षाचे तात्पुरते परवाने देण्याची योजना मजूर पक्षाच्या सरकारने काढली. बांगलादेशातून अर्जांची रीघ लागली. गैरवापराचा संशय आला. पूर्व युरोपातील देश २००४ साली युरोपीय संघात आल्याने तिकडचा मजूर आयताच उपलब्ध झाला. आणि २००५ साली हॉटेलांपुरती ती योजना गुंडाळण्यात आली. २००८ साली गुण मोजून परवाना देण्याची पद्धत सुरू झाली. बेकायदा नोकर ठेवणाऱ्या मालकाला माणशी १० हजार पौंडांपर्यंत दंडही त्याच वर्षी लागू झाला (२०२४ मध्ये ही मर्यादा पहिल्या गुन्ह्यासाठी ४५ हजारांवर आणि पुन्हा तेच केल्यास ६० हजारांवर गेली). त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बांगलादेशी, चिनी, तुर्की, भारतीय अशा उपाहारगृहांतले हजारो लोक ट्रॅफल्गार चौकात जमले. एरवी सरकारपुढे मान वर न करणारा हा दुकानदार वर्ग रस्त्यावर उतरला, यावरून स्थितीची कल्पना यावी.

पुढील नियम तर विनोदी वाटावेत असे होते. २०१२ पासून परवान्यासाठी पदवीच्या पातळीचे काम हवे झाले. अनुभवी आचाऱ्याला मात्र ‘तुटवड्याच्या यादी’तून वाट ठेवली. त्याला पाच वर्षांचा अनुभव हवा आणि ठरलेला पगार हवा. तो वाढत वाढत २९,५७० पौंडांवर गेला. या रकमेत राहण्या-जेवण्याचा खर्च धरायचा नव्हता. म्हणजे ज्या रूपाने हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या वेतन देत आला, तेच रूप हिशेबातून काढून टाकले. त्याहून मौजेची अट अशी की, उपाहारगृह घरी नेण्यासाठी जेवण विकत असेल तर त्याला परदेशी आचारी आणता येणार नाही. कोपऱ्यावरची बहुतेक करीची दुकाने टेबलावरही वाढतात आणि पुडकीही बांधून देतात; पुडक्यांवरच त्यांचे भाडे निघते. एकच आचारी, एकच भट्टी, एकच रस्सा. पण तो बशीत वाढला तर कौशल्य आणि डब्यात भरला तर अकुशल काम! ही अट सरकारच्या सल्लागार समितीच्या शिफारशीवरून २०१९ साली काढून टाकण्यात आली. तोवर बरीच वर्षे गेली होती.

स्थानिक बेकारांना करी करायला शिकवावे, ही कल्पनाही मंत्र्यांनी मांडून पाहिली. एरिक पिकल्स यांनी २०११ साली त्यासाठी विद्यालयाची घोषणा केली. तिच्यातून या धंद्याचा प्रश्न सुटला नाही. जी संध्याकाळ आणि जो शनिवार सगळे जग सुट्टीचा म्हणून घालवते, तोच विकत देण्याची तयारी कमी पगारावर कोणाची होणार? सिल्हेटच्या माणसाचीही ती होती ती दुसरा मार्ग नव्हता म्हणून.

२०१६ च्या सार्वमताने या गोष्टीला नवेच वळण दिले. युरोपीय संघातून बाहेर पडलो म्हणजे युरोपातील मजुरांना मिळणारे झुकते माप जाईल आणि आशियातील आचाऱ्याला न्याय मिळेल, असे त्या वेळच्या रोजगार राज्यमंत्री प्रीती पटेल यांनी करी-धंद्याला सांगितले. धंद्यातील अनेकांनी त्यावर विश्वास ठेवून बाहेर पडण्याला पाठिंबा दिला. पुढे त्याच पटेल गृहमंत्री असताना जानेवारी २०२१ पासून नवी पद्धत आली. तीत शिक्षणाची पातळी खाली आणून आचाऱ्याला खरोखरच वाट दिली गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पोलंड-रुमानियाकडून येणारा भांडी घासणारा आणि वाढपी त्याच दिवसापासून बंद झाला, आणि त्या जागा कोणी भरायच्या याचे उत्तर नियमांत नव्हते. आचाऱ्याची वाटही टिकली नाही. २५,६०० पौंडांपासून सुरू झालेली पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० झाली. पुढच्या वर्षी मजूर पक्षाच्या सरकारने ती ४१,७०० केली आणि आचाऱ्याला यादीबाहेर काढले. हुजूर पक्षाने लावलेला अडसर मजूर पक्षाने अधिक घट्ट केला. त्या बाबतीत दोघांत फरक दिसला नाही.

सरकारची बाजू निराधार आहे असे नाही. तुटवडा हा शब्द नेहमी एका विशिष्ट वेतनाच्या संदर्भातच वापरता येतो. त्या वेतनाला माणूस मिळत नसेल तर वेतन वाढवा, बाहेरून स्वस्त माणूस आणून वेतन दाबून ठेवू नका, हा युक्तिवाद पाठ्यपुस्तकात बसणारा आहे, आणि परवान्यावर आलेल्या माणसाला मालकाची नोकरी सोडता न आल्याने त्याची पिळवणूक झाल्याची उदाहरणेही आहेत. करीचे ताट इतके स्वस्त राहण्याचा हक्क कोणालाच नाही. तथापि आकड्यांकडे पाहावे. ब्रिटनमधील किमान वेतन एप्रिल २०२५ पासून ताशी १२.२१ पौंड झाले. आठवड्याचे ४० तास धरले तर ते वर्षाला २५,४०० पौंडांच्या आसपास जाते. ४१,७०० ही त्याच्या दीडपटीहून अधिक रक्कम. छोट्या गावातील दुकानदार एवढा पगार एका आचाऱ्याला देईल, तर मूल्यवर्धित कराचे २० टक्के भरून त्याने ताटाची किंमत काय ठेवावी? ही अट वेतन वाढवण्यासाठी नाही. माणूस येऊ नये यासाठी ती आहे, आणि तसे सरळ सांगितले जात नाही.

कौशल्याच्या व्याख्येबद्दलही हेच म्हणावे लागेल. करीच्या स्वयंपाकघरात माणूस भांडी घासण्यापासून सुरुवात करतो, कांदा चिरतो, तंदूर सांभाळतो, आणि काही वर्षांनी मुख्य चुलीपाशी उभा राहतो. दुपारी कांद्याचा मोठा हंडा शिजवून मूळ रस्सा तयार ठेवायचा आणि रात्री त्यातून दहा टेबलांच्या दहा वेगळ्या मागण्या मिनिटांत पुऱ्या करायच्या, हे कोणत्याही पदवीत शिकवले जात नाही. २०१२ चा नियम निदान अनुभवाची वर्षे मोजत होता. २०२५ चा नियम तेही करीत नाही. शिवाय तेरा वर्षांत बंद, उघडे आणि पुन्हा बंद असे हे दार फिरत राहिले. दहा वर्षांच्या कराराने जागा भाड्याने घेणाऱ्या दुकानदाराने कशाच्या भरवशावर धंदा आखावा?

बारा हजार दुकाने आणि एक लाख नोकर असे आकडे संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या. ते त्यांचेच आकडे असल्याने बेताने घ्यावेत. दुकाने बंद पडत आहेत याबद्दल मात्र मतभेद नाही. ज्या ब्रिक लेनला ‘बांगला टाउन’ म्हणून मिरवले गेले, तेथेही करीच्या जागी कॉफीची आणि कपड्यांची दुकाने आली आहेत.

राहिला प्रश्न आधी आलेल्यांचा. २०२२ साली परवान्यावर आलेला आचारी पाच वर्षांनी, म्हणजे २०२७ मध्ये, कायम वास्तव्याचा अर्ज करता येईल या हिशेबाने आला. अनेकांनी त्यासाठी गावाकडे कर्ज काढलेले असते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांची करण्याचा विचार मांडला गेला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पदवीच्या पातळीखालच्या कामगारांसाठी ती पंधरा वर्षांची करावी, आणि आधी आलेल्यांनाही लावावी, असा प्रस्ताव सरकारने लोकांपुढे ठेवला. तो तसाच लागू झाला तर २०२७ च्या ठिकाणी २०३७ वाचावे लागेल.