कायदा उंबरठ्याशी थांबतो

घरी आलेल्या माणसापुढे पाण्याचा तांब्या आणि पानाचे तबक ठेवणे ही आपली जुनी रीत आहे. पार्से, मांद्रे, तुये, कोरगाव अशा पेडणे महालातील गावांत आजही चवथीच्या आरतीनंतर, भजनाच्या विसाव्यात किंवा लग्नाच्या बोलणीत हे तबक फिरते. पाने, सुपारी, चुना, कात आणि या साऱ्यांच्या शेजारी, जणू त्यांच्याच गोतातली असावी अशी, तंबाखूची डबी. काही ठिकाणी तर शेताची राखण करणाऱ्या देवचारालाही नारळ-रोटाबरोबर विडी ठेवली जाते. तंबाखू आपल्या घरात व्यसन म्हणून आली नाही. ती आली शिष्टाचार म्हणून. म्हणूनच तिला बाहेर काढणे इतके अवघड झाले आहे. व्यसनाला दार बंद करता येते, परंतु पाहुणी म्हणून आलेलीला ‘जा’ कसे म्हणावे?

वास्तविक ही पाहुणी काही फार जुनी नव्हे. तंबाखूचे मूळ अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतलेल्या असद बेगाने ती अकबर बादशहापुढे नजर केली. पुढे गोव्यात पोर्तुगीज सरकार तिच्या विक्रीचा मक्ता देऊन तिजोरी भरू लागले. आमचा पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या अंमलाखाली गेला. ‘पूर्वापार चालत आले आहे’ असे आपण ज्या सवयीविषयी सांगतो, तिचे वय असे अवघे चार शतकांचे आहे. तुकोबांच्या जन्माच्या आसपास ती या देशात नवखीच होती.

गोव्याने काय केले

ज्या किनाऱ्यावर तंबाखू उतरली, त्याच किनाऱ्याने तिला आवर घालण्यातही पुढाकार घेतला, हे गोमंतकीयांना भूषणावह आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास आणि थुंकण्यास मनाई करणारा कायदा गोव्याने १९९७ साली केला. देशभरासाठीचा तंबाखू नियंत्रण कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००३ साली आला. गोव्याच्या या कायद्यामागे कर्करोगतज्ज्ञ डॉ. शरद वैद्य आणि त्यांनी उभारलेली तंबाखूविरोधी चळवळ यांचे मोठे बळ होते. २००५ साली गोव्याने गुटख्यावरही बंदी आणली.

या प्रयत्नांचे फळ आकड्यांत दिसते. पंधरा वर्षांवरील व्यक्तींची जी राष्ट्रव्यापी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली, तीत देशात २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के, कर्नाटकात २२.८ टक्के, तर गोव्यात केवळ ९.७ टक्के, म्हणजे साऱ्या राज्यांत सर्वांत कमी होते. परंतु याच्या आधीच्या, २००९-१० च्या पाहणीत गोव्याचा आकडा ८.८ टक्के होता. देशाचे प्रमाण त्या अवधीत ३४.६ वरून २८.६ वर उतरले असता आमचे मात्र खाली आले नाही. रस्त्यावरची, कचेरीतली, बसगाडीतली तंबाखू कायद्याने हटवली. उरली ती बहुतांशी घरातली. कायदा उंबरठ्याशी येऊन थांबतो, आणि तेथून पुढचे काम घरच्या माणसांचे असते.

‘ही तंबाखू नव्हे, मशेरी’

आपल्या बायकांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीकडे डोळे वटारून पाहणाऱ्या घरातच परसदारी मशेरी भाजली जाते. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईतो भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी बोटाने दातांना लावीत बसायचे. सासूचे पाहून सून लावू लागते, दात दुखतो म्हणून मुलीलाही चिमूटभर दिली जाते. विचारावे तर उत्तर ठरलेले असते. ‘आम्ही कुठे तंबाखू खातो? दात घासतो इतकेच.’ कोणी सांगतात, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते हे खरे, परंतु ती सवय मशेरीनेच लावलेली असते. दातदुखी थांबते तीही हिरडी बधिर झाल्यामुळे. कीड आपले काम करीतच राहते. दंतमंजन आणि टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. तव्यावरच्या मशेरीला मात्र ना वेष्टन, ना त्यावरचे इशाऱ्याचे चित्र.

धूर नाही म्हणून धोका नाही, हा समज शास्त्राने केव्हाच खोटा ठरविला आहे. धूरविरहित तंबाखूत कर्करोगास कारण होणारी अठ्ठावीस तरी द्रव्ये सापडली आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडाच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे असलेले पांढरे चट्टे प्रामुख्याने तंबाखू सेवन करणाऱ्यांतच आढळले. २००४ साली मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीत मशेरी वा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले. सात महिन्यांच्या ओटभरणीला हिरवी साडी नेसून बसलेली आपली लेक सकाळी मशेरी लावून आली असेल, तर त्या ओटीतील नारळाइतकेच तिच्या दातांवरच्या काळ्या पुडीकडेही आपले लक्ष जावयास हवे.

विडी, सिगारेट आणि सुपारी

धूम्रपानाविषयी नव्याने सांगण्याजोगे थोडेच आहे. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायने असतात. त्यांतील सत्तरच्या आसपास कर्करोगकारक. फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, आणि दोन पायऱ्या चढताच धाप लागावी असा श्वासाचा जुनाट विकार, ही त्याची नेहमीची देणी. ‘विडी पानाची, म्हणून सौम्य’ हाही भ्रमच. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी विझू नये म्हणून ती अधिक वेळा, अधिक जोराने ओढावी लागते, आणि छातीत जाणारे विष सिगारेटपेक्षा कमी राहत नाही. माजघरात ओढलेल्या विडीचा धूर पाळण्यातल्या नातवाच्याही छातीत जातो, हे वेगळे सांगावयास नको.

सुपारीविषयी मात्र सांगणे अवश्य आहे, कारण ती आमच्या कुळागरांतली, देवाच्या विड्यातली. तंबाखू न घालताही सुपारी सतत चघळणे कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली दिला. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आवळत जाते आणि पुढे घास घेण्याइतकेही तोंड उघडत नाही. देवाच्या विड्यात सुपारी अवश्य असावी. गालात मात्र ती दिवसभर असू नये.

निपाणीचा प्रश्न

येथे कोणी विचारील, तंबाखू पिकविणाऱ्याने काय करावे? प्रश्न रास्त आहे, आणि तो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचाच आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणीचा परिसर म्हणजे तंबाखूचे आगर. १९८१ साली तेथील शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडले, आणि एप्रिलच्या आरंभी झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तेथील वखारींत खकाण्यात राबणाऱ्या आणि दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रियांनीही आपल्या मजुरीसाठी झुंज दिली. त्यांच्या कष्टांना आमचा नमस्कार आहे. परंतु ज्या पिकाने पिकविणाऱ्यास पुरता भाव दिला नाही, वळणारणीला खोकला दिला आणि ओढणाऱ्याला रोग, त्याच्या रक्षणासाठी आपण आपले घर तारण ठेवावे, असे काही नाही. शेतकऱ्याला दुसरे किफायतशीर पीक मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तंबाखू चघळत राहून त्याला मदत होत नाही.

घरी काय करता येईल

पहिली गोष्ट मुलांची. ‘जा रे, दुकानावरून विडीचे बंडल घेऊन ये’ असे सांगून आठ वर्षांच्या मुलाच्या हाती पैसे देणारे आजोबा आम्हांला ठाऊक आहेत. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाही विकता येत नाही. शाळेत आम्ही फलक लावतो, प्रतिज्ञा घेतो, ३१ मे च्या तंबाखूविरोधी दिनाचे महत्त्व सांगतो. परंतु मूल फलकावरून थोडे आणि आजोबांच्या खिशावरून पुष्कळ शिकते.

दुसरी गोष्ट सोडण्याची. पहिले तीन-चार दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल, झोप उडेल. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बहुधा ओसरतो. मशेरीच्या वेळी ब्रश हाती घ्यावा, तलफ आली की बडीशेप वा वेलदोडा तोंडात टाकावा, सकाळी उठताच कोमट पाणी प्यावे. घरच्यांनी टोमणे न मारता सोबत करावी. सासू-सुनेने एकत्र सोडली तर दोघींनाही सोपे जाते. १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. महिन्यातून एकदा आरशापुढे उभे राहून विजेरीच्या उजेडात गाल, हिरड्या व जीभ पाहावी. पांढरा वा तांबडा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास जवळचे आरोग्य केंद्र वा बांबोळीचे दंत महाविद्यालय गाठावे. वेळीच सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

आणि ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असे कोणीही म्हणू नये. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासातून रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले, की साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यालाही आयुष्याची सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ.

पानाचे तबक मोडीत काढावे असे आमचे म्हणणे नाही. आदरातिथ्य ही आपली पुंजी आहे, आणि परक्या मुलखात तर तीच आपली ओळख. तबकात पाने असोत, बडीशेप, वेलदोडा, लवंग, खोबरे असो. फक्त ती एक डबी यंदाच्या चवथीला घराची झाडलोट करताना उचलून टाकावी. पाहुण्याचा मान त्याने रतिमात्र उणा होणार नाही, आणि पाहुणा पुढच्या चवथीलाही येईल, याची शक्यता थोडी वाढेल.