गॅरेजची पडवी

‘गॅरेज’ हा शब्द आपल्याकडे रुळला तोच मुळी अर्थ बदलून. ‘गाडी गॅरेजला टाकली आहे’ असे कुणी म्हणाले की आपल्यापुढे उभा राहतो तो तेलकट हातांचा मेकॅनिक. घराला चिकटून असलेली गाडीची खोली काही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. अशी खोली ज्यांच्या वाट्याला आली ती घरे मुळात थोडी, आणि तिच्यात खरोखरीच गाडी उभी असते अशी घरे त्याहून थोडी! शटर वर करून पाहावे, तो आत काय? मोडका पाळणा, गणपतीचे मखर, रंगाचे उरलेसुरले डबे, हवा गेलेली सायकल, आणि ‘केव्हातरी लागेल’ या एकाच सबबीवर टिकून राहिलेल्या असंख्य वस्तू.

आमच्या दिघ्याच्या घराचे गॅरेज याच वाटेला लागले होते. लांबी १६ फूट, रुंदी ९ आणि उंची जेमतेम ८. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यान दिघा गाव स्थानक सुरू झाले, तेव्हापासून यजमान लोकलने कामावर जाऊ लागले. जुनी मोटार नुसतीच उभी राहू लागली, आणि शेवटी ती विकून टाकली. तीन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घरात १४४ चौरस फूट जागा एकाएकी रिकामी व्हावी, ही केवढी दौलत, हे मुंबईच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको.

लगोलग प्रत्येकाचे बेत सुरू झाले. सासूबाईंना वर्षाच्या गव्हाला जागा हवी होती. धाकट्याला कॅरमला हवी होती. थोरलीची दहावी. पण सर्वांत निकड होती ती अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात उभा जन्म काढलेला हा माणूस. निवृत्तीनंतर चार सोबत्यांसह दारात खुर्च्या टाकून बसायचा. रस्त्यावरची वाहने वाढली तशा खुर्च्या आत आल्या, आणि सोबती एकेक करून यायचे थांबले. मग अण्णा दिवसभर दूरदर्शन-संचापुढे, आणि त्या आवाजात मुलगी पुस्तकापुढे. दोघेही एकमेकांना काही बोलत नसत, आणि तेच मला अधिक लागायचे.

गुत्तेदाराला बोलावले. त्याने एका नजरेत जागा मोजली आणि म्हणाला, “वहिनी, शटर काढू, भिंत घालू, खिडकी ठेवू, लादी बसवू, मागे मोरी काढू. अडीच लाखांत खोली तयार. नकोशी झाली तर भाड्याने द्या!”

मोह मोठा होता खरा. परंतु दिघ्यात राहणाऱ्याला असला मोह आवरणे इतरांपेक्षा सोपे जाते. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. यादीत ९९ इमारती होत्या, आणि त्यांतल्या काहींवर प्रत्यक्ष हातोडाही पडला. पदरचे पैसे मोजून घरात राहायला आलेल्या संसारांना सामान बांधावे लागले. आमच्या घराचे कागद नीट आहेत; परंतु मंजूर नकाशात जी जागा गाडीची म्हणून दाखवलेली आहे, तिची परस्पर राहती खोली करणे म्हणजे वापर बदलणे होय. गाडीची जागा सहसा चटईक्षेत्रात धरत नाहीत, खोली धरतात. सगळा पेच तिथेच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली असा बदल पूर्ववत करण्याची नोटीस येऊ शकते. मग अडीच लाख बांधायला, आणि पाडायला आणखी!

इमारतीत राहणाऱ्यांनी तर दुप्पट सावध असावे. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच दिली आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती. खांबांच्या मधली उघडी जागा, जिला आपण स्टिल्ट म्हणतो, ती गॅरेज नव्हे. बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २०१० साली दिला आहे. तेव्हा तिथे पत्रे ठोकून कोठी करण्याचा विचार मनातही आणू नये.

मग आमचा एकच नियम ठरला. एका रविवारात काढून गाडी पुन्हा आत घेता येणार नाही, असे काहीही तिथे करायचे नाही. भिंत नाही, मोरी नाही, शटरला हात लावायचा नाही. यजमान म्हणाले, “मग उरले काय?” त्यावर अण्णांनी जे उत्तर दिले त्याने साऱ्या कामाला दिशा दिली. ते म्हणाले, “पडवी उरली की!”

खरेच, कोकणातली पडवी आठवून पाहा. उतरत्या छपराखालची ती अरुंद जागा. एका कडेला नांगर, लाकडे, भाताची पोती, तर दुसऱ्या कडेला बाकावर पान जुळवीत बसलेली वडीलमंडळी. पडवीला कुणी ना कोठार म्हटले ना दिवाणखाना, आणि ती दोन्ही कामे बिनबोभाट करीत आली. शहरात येताना आपण सामान तेवढे बरोबर आणले, पडवी मागे ठेवली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. पहिला शत्रू पाणी. पारसिकच्या डोंगराचे पाणी पावसाळ्यात आमच्या अंगावरच उतरते. इथल्याच इलठणपाड्यास रेल्वेने ब्रिटिश अमदानीत धरण बांधले, ते काही उगीच नव्हे. सामान मांडण्यापूर्वी जमिनीची परीक्षा घ्यावी. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा जाड तुकडा कोब्यावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. उचलल्यावर खालून थेंब दिसले तर ओल जमिनीतून वर येत आहे. वरून दमटपणा दिसला तर दोष हवेचा. आमच्याकडे मागच्या भिंतीपाशी खालून थेंब निघाले. कारण अगदी साधे होते. छपराची पन्हळ फुटून पाणी भिंतीच्या मुळाशीच पडत होते. पन्हळ बदलली, बाहेर वीतभर रुंदीची नाली काढली, आणि शटरच्या तोंडाशी सिमेंटचा दोन इंची उंबरा घातला. तो दोन्ही अंगांनी उतरता ठेवला, म्हणजे स्कूटर काय, मोटारही सहज वर चढते. ओलसर जमिनीवर प्लॅस्टिकचे चकचकीत आच्छादन मात्र कुणी अंथरू नये. ओल त्याखाली कोंडते आणि कुबट वास जन्माचा चिकटतो.

इंजिन-तेलाचे डाग निघाल्याशिवाय वरचे सिमेंट धरत नाही. आधी लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घेतले, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तीनदा घासले. भिंतींना ऑइल पेंट न देता साधा चुना दिला. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते, बुरशी लवकर धरत नाही, आणि अंधाऱ्या जागेत उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो. कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालावी. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत. चुना विरघळताना उकळतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती. तेव्हा मुलांना लांब ठेवून हे काम मोठ्यांनीच करावे.

सामानासाठी आतली चार फूट जागा राखली, पुढची बारा फूट माणसांना. औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याला राहण्याचा हा एक फायदा: भंगारवाल्यांकडे भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या मांडण्या वजनावर मिळतात. नट-बोल्टची असल्याने त्या उकलून ठेवता येतात. मांडणीचा खालचा खण जमिनीपासून सहा इंच वर, आणि पाठ भिंतीपासून तीन बोटे दूर. हवा खेळली पाहिजे. वर्षातून एकदा लागणारे मखर सर्वांत वर, गव्हाच्या कोठ्या कडुलिंबाचा पाला घालून खाली. पुठ्ठ्याची खोकी मुळीच नकोत. झुरळांना आणि वाळवीला ते आमंत्रणच. पुढे जुन्या दोन नऊवारींचा पडदा सोडला, की सारी अडगळ दृष्टिआड.

बैठकीची बाकडी केली ती माल पाठवण्याच्या लाकडी फळ्यांच्या चौकटींची, ज्यांना पॅलेट म्हणतात. त्यांच्यावर एक शिक्का असतो, तो वाचून घ्यावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले, ते खुशाल वापरावे. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली आहे, ते फुकट मिळाले तरी घरात आणू नये.

विजेच्या बाबतीत काटकसर अजिबात केली नाही. परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून वेगळी लाइन घेतली. दिव्याला दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगला अडीचची, आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारे आरसीसीबी. छत आठच फूट असल्याने पंखा भिंतीवर लावला. मागच्या भिंतीतली जाळी कुणीतरी पुठ्ठ्याने बुजवली होती, ती मोकळी केल्यावर वारा आरपार वाहू लागला. आणि काही गोष्टींना इथे सक्त बंदी आहे: पेट्रोलचा डबा, जादा सिलिंडर, विजेच्या स्कूटरची बॅटरी चार्ज करणे, आणि, दिवाळीच असल्याने सांगते, फटाके. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीची वाट पाहत बसते. शटर पूर्ण खाली ओढून आत कुणी बसायचे नाही, झोपायचे तर नाहीच. शटर अडकले तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

हिशेब मागणाऱ्या मैत्रिणींसाठी आकडे देते. पन्हळ, नाली आणि उंबरा ३,५००, चुना वगैरे ७००, वायरिंग ५,५००, मांडण्या ४,५००, बाकडी आणि त्यांवरच्या गाद्यांचा कापूस २,४००, पंखा आणि दोन ट्यूब २,६००. एकूण १९,२०० रुपये. जुने सामान भंगारात देऊन आले ते वेगळे, पण ते पैसे धाकट्याने कॅरमच्या सोंगट्यांच्या नावाखाली लांबवले.

अमेरिकेत पालो आल्टो येथे १२ बाय १८ फुटांच्या एका गॅरेजात ह्यूलेट आणि पॅकर्ड या दोघा तरुणांनी १९३८-३९ च्या सुमारास आपला उद्योग मांडला, आणि ते गॅरेज आज स्मारक म्हणून जपले जाते. आमच्या गॅरेजात असले काही घडण्याचे चिन्ह नाही. वेळापत्रक मात्र कारखान्यासारखेच कडक. चार ते साडेसहा अण्णांची पाळी. पहिल्या आठवड्यात एकच सोबती आला. आता पाच येतात, आणि सहाव्यासाठी खुर्ची घरातून न्यावी लागते. सातपासून साडेदहापर्यंत थोरलीची पाळी, अर्धे शटर वर आणि टेबलावर दिवा. अण्णा जाताना ओल्या फडक्याने टेबल पुसून ठेवतात, कारण चहाचे डाग वहीला लागले तर दुसऱ्या दिवशी पाळी अर्ध्या तासाने कापली जाईल, असा दम तिने भरला आहे. सासूबाईंनी परवा फराळाचे डबे ठेवायला मांडणीचा एक खण मागितला. दिला, पण कुलूप लावून.