कपाटातली अडलेली कामं

साडी आहे, पण तिच्यावरचा ब्लाउज दंडात रुततो. ब्लाउज बसतो त्या साडीला अजून फॉल लागलेला नाही. फॉल-पिको झालेली तिसरी साडी ड्रायक्लीनला द्यायची म्हणून पिशवीत पडून आहे. शेवटी नेहमीचाच कुर्ता अंगावर चढतो आणि निघताना वाक्य येतं, 'घालायला काही नाहीच.' घरातले हसतात, कारण कपाटाचं दार गुडघ्याने रेटून लावावं लागतं. तरी त्या वाक्यात खोटं काही नाही. कपडे ढीगभर आहेत, घालायला तयार असलेले मोजके आहेत. शर्ट-पँटच्या कप्प्यातही तीच गत. इथे बटण तुटलंय, तिथे चेन अडकते, कुठे कंबर दोन इंच कमी पडते.

कपाट आवरण्याचा उपदेश मात्र किती ठेवायचं आणि किती टाकायचं याच्याच भोवती फिरतो. सकाळचा खोळंबा कपड्यांच्या संख्येपेक्षा या अडलेल्या कामांमुळे जास्त होतो, हे त्यात निसटतं. मग माणूस एका रविवारी जोशात तीन पिशव्या रिकाम्या करतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तसाच कपाटासमोर उभा राहतो.

गैरसमज : कपडे कमी झाले की सकाळ आपोआप सोपी होते

या समजुतीला आधार म्हणून एक प्रयोग हमखास सांगितला जातो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात जॅमच्या बरण्या मांडल्या, कधी 24 प्रकारच्या तर कधी 6 प्रकारच्या. सहांच्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के लोकांनी जॅम विकत घेतला, चोविसांच्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला आणि 'पर्याय वाढले की माणूस गोठतो' हे जगभर पसरलं. त्याची पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. 2010 मध्ये अशा पन्नास प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. 2015 च्या दुसऱ्या आढाव्याने अधिक उपयोगाची गोष्ट सांगितली. पर्यायांचं ओझं सरसकट होत नाही. आपल्याला काय हवं ते ठाऊक नसेल, पर्यायांची एकमेकांशी तुलना करणं अवघड असेल, निवड करण्याचं कामच किचकट असेल, तेव्हा ते होतं.

आपलं कपाट नेमकं असंच असतं. तयार दहा साड्यांतून एक काढायला वेळ लागत नाही. पण एकीचा परकर नाही, दुसरीला इस्त्री नाही, तिसरीचा ब्लाउज होईल की नाही याची खात्री नाही, अशा दहांतून निवडायचं म्हणजे दर साडीमागे एक चौकशी बसते. दहाच्या पाच केल्या आणि त्या पाचही अर्धवट असल्या तर काय साधलं?

स्टीव्ह जॉब्सचं उदाहरणही असंच अर्धं सांगितलं जातं. रोज एकच काळा टर्टलनेक घालायचा, म्हणजे निर्णयाची शक्ती वाचते म्हणे. इसे मियाके या जपानी डिझायनरने जॉब्सना असे शंभरेक टर्टलनेक करून दिले होते, असं वॉल्टर आयझॅकसन यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. म्हणजे कपाट भरलेलंच होतं, फक्त त्यातला प्रत्येक कपडा त्या क्षणी घालता येण्याजोगा होता. लहानसहान निर्णयांनी इच्छाशक्ती झिजते हा सिद्धांतही आता तितका भक्कम राहिलेला नाही. 2016 मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी दोन हजारांवर माणसांवर तो पुन्हा तपासला, तेव्हा परिणाम जवळपास दिसलाच नाही.

'आपण 20 टक्के कपडे 80 टक्के वेळा वापरतो' हे वाक्य अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो परेतो यांच्या नावावर खपतं. त्यांनी अभ्यास केला होता तो जमिनीच्या आणि संपत्तीच्या वाटपाचा, कपड्यांचा नव्हे. तुमच्या कपाटाचं प्रमाण काढायचं तर सोपा मार्ग आहे. धुऊन आलेला कपडा दर वेळी उजव्या टोकाला टांगायचा किंवा घडीच्या थप्पीत सर्वांत वर ठेवायचा. चार-सहा महिन्यांत न हललेले कपडे आपोआप डावीकडे आणि तळाशी जमतात.

गैरसमज : वर्षभर अंगावर चढलं नाही, तर काढून टाका

हा नियम जिथे जन्मला तिथे तो चालतही असेल. आपल्याकडे संक्रांतीची काळी साडी वर्षातून एकदाच निघते आणि ते तिचं काम आहे. लग्नातला शालू, येवल्याची पैठणी, मुंजीतलं सोवळं, महाबळेश्वरला लागणारा स्वेटर, यांना वर्षाची अट लावणं म्हणजे अडाणीपणा. मुंबईत राहणाऱ्याचा स्वेटर दोन वर्षांतून एकदा बाहेर आला तरी नवल नाही.

अट लावायची ती रोजच्या कपड्यांना. ऑफिसचा कुर्ता, जीन्स, टी-शर्ट वर्षभर पडून राहिले असतील तर त्यामागे कारण असतं आणि ते बहुधा अंगाला माहीत असतं. टोचतं, चढतं, घाम धरतं, किंवा वाकलं की पाठ उघडी पडते. नवरात्रातल्या नऊ रंगांपायी घेतलेले कपडे या दोन्हींच्या मधले. ही प्रथा या शतकात वर्तमानपत्रांतून रुजलेली, तिला शास्त्राचा आधार शोधू नये. मोरपंखी नाही म्हणून मोरपंखी आणला, आता तो पुढच्या वर्षी त्या रंगाची वाट बघत लटकतोय. मैत्रिणींमध्ये अदलाबदल करून हा सण उत्तम पार पडतो.

आणखी एक माल कपड्यांच्या जागेवर बसलेला असतो, तो म्हणजे आहेरात आलेल्या साड्या आणि ओटीतले खण. त्या नेसायच्या नसतातच, पुढे कुणाला तरी द्यायच्या असतात. त्यांची बॅग वेगळी करून पलंगाखाली गेली पाहिजे. प्रत्येक साडीला कुणाकडून आली त्याची चिठ्ठी टाचा, नाहीतर ज्यांनी दिली त्यांच्याच घरी ती परत जाते.

गैरसमज : महाग होती, टाकवत नाही

पैसे दुकानात गेले, कपाटात ठेवल्याने ते परत येत नाहीत. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. न आवडणारी भारी साडी ठेवून रोज तिच्याकडे बघण्यापेक्षा जिच्यावर ती शोभेल त्या भाचीला द्यावी. 'बारीक झाल्यावर घालीन' या वर्गातही हेच, मात्र इथे एक पोटनियम आहे. ब्लाउज आणि पँट चांगल्या शिंप्याने शिवलेली असेल तर आतल्या शिवणीत माया सोडलेली असते, म्हणजे जादा कापड. कपडा उलटा करून पाहा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जरी निघाला तरी बारीक होण्याची वाट पाहायला नको. तयार कपड्यांत माया क्वचितच मिळते, त्यांच्या बाबतीत आशा सोडलेली बरी.

गैरसमज : घरात घालायला होईल

बाहेरून बाद झालेला कपडा घरात येतो आणि घरातून बाद होतच नाही. त्यामुळे कपाटाचा सर्वांत हाताशी असलेला कप्पा सर्वांत टाकाऊ कपड्यांनी भरतो. घरचे कपडे किती लागतात? आठवड्याच्या धुण्याला पुरतील तेवढे. बाकीच्यांतले सुती असतील ते पुसायला फडकी होतात. पॉलिएस्टरची फडकीसुद्धा होत नाहीत, ती पाणी पसरवतात फक्त.

गैरसमज : डांबरगोळ्या टाकल्या की कपडे सुरक्षित

आवरण्याच्या चर्चेत हा विषय क्वचित येतो, पण जे ठेवायचं ठरवलं ते टिकवणं हाही आवरण्याचाच भाग आहे. कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांना केराटिन हे प्रथिन पचवता येतं, म्हणून त्या लोकर कुरतडतात. रेशमावरही त्यांचा डोळा असतो. स्वच्छ सुती कपड्यात त्यांना फारसा रस नाही. सुती कपड्यांना खरा धोका कसरीचा, आणि कसरीला आवडते ती खळ. कडक खळ दिलेली सुती साडी तशीच ठेवून देणं म्हणजे कसरीला ताट वाढणं. ठेवणीतल्या साडीची खळ आधी धुऊन काढावी. लोकरीचे आणि रेशमी कपडेही स्वच्छ करूनच आत जावेत, कारण घामाचे आणि अन्नाचे डाग किड्यांना आधी सापडतात.

आपल्याकडे ज्या पांढऱ्या डांबरगोळ्या मिळतात, त्या बऱ्याचदा नॅफ्थलीनच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीनची नोंद माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केली आहे. त्याहून तातडीचा धोका तान्ह्या बाळांना आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या संपर्काने फुटतात आणि कावीळ वाढते. आजीच्या मऊ साड्यांची दुपटी शिवायची आपल्याकडे सुंदर चाल आहे. त्या साड्या वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांत राहिल्या असतील, तर त्या धुऊन, चांगल्या वाऱ्यावर टाकून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाजवळ न्याव्यात. वास येतोय तोवर नकोच.

जरीच्या साडीसाठी प्लास्टिकची पिशवी वाईट, आत दमटपणा अडकतो. खऱ्या जरीतल्या चांदीचा हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी संयोग होऊन ती काळवंडते. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळावी, अंगावर असताना जरीवर अत्तर फवारू नये आणि दर दोन-चार महिन्यांनी घडी बदलावी, कारण त्याच त्याच घडीवर रेशीम चिरतं. ऊन दाखवायचं ते सावलीतल्या वाऱ्याचं, कडक उन्हात रंग उडतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात यातलं काही करू नये. गणपती उठले, हवा कोरडी झाली की करावं.

गैरसमज : दान केलं की ते गरिबाच्या अंगावर जातं

काही जातं, बरंचसं जात नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे आले आणि त्यांतले कितीतरी तसेच पडून राहिले. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या गुंज या संस्थेने ते पुढे निवडून कामी आणले. या कामासाठी गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गुंजकडे जुन्या सुती कपड्यांचे मासिक पाळीसाठी स्वच्छ पॅडही होतात, म्हणून त्यांना फाटकं सुती कापडही चालतं. मळकं मात्र कुणालाच चालत नाही. कपडा धुऊन द्यावा, जोडीचा असेल तर जोडीनेच द्यावा. सलवारीशिवाय कमीज देणं म्हणजे आपलं अडलेलं काम दुसऱ्याच्या माथी मारणं.

बोहारीण हा या साखळीतला सर्वांत जुना आणि, माझ्या मते, सर्वांत प्रामाणिक दुवा. भांड्याच्या बदल्यात ती धड पँट मागते, कारण तिला ती दुरुस्त करून, इस्त्री मारून जुन्या बाजारात विकायची असते. तिने बाजूला सारलेला कपडा दानपेटीतही पडूनच राहणार. जुनी जरीची साडी मात्र दारावर देऊन टाकू नका. आजीच्या काळच्या जरीत चांदी असू शकते आणि घेणारा ती वितळवण्यासाठी घेत असतो. आधी सराफाला किंवा जाणत्या विणकराला दाखवा. लोकरीच्या चिंध्यांचं ठिकाण हरयाणातलं पानिपत. तिथे देशोदेशीचे जुने स्वेटर पिंजून त्यांचं सूत काढतात आणि घोंगड्या विणतात. सुती साड्यांच्या गोधड्या हल्ली घरात शिवल्या जात नाहीत, पण साड्या दिल्या तर शिवून देणाऱ्या बायका बऱ्याच गावांत आणि शहरांतही आहेत.

सुरुवात करायची तर सगळे कपडे पलंगावर ओतू नका. घर आवरण्याच्या पद्धतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मारी कोंडो यांनी तसं सांगितलंय, पण छोट्या घरात रात्री झोपायला पलंग लागतो. तिसऱ्या मुलानंतर आपल्यालाही घर तसं आवरलेलं ठेवणं जमत नाही, असं 2023 मध्ये खुद्द कोंडोबाईंनीच सांगून टाकलं. एक कप्पा घ्या. त्यातून फक्त अडलेले कपडे काढा आणि प्रत्येकाला कामाची चिठ्ठी लावा : हूक, फॉल, माया उसवणे, रफू, चेन, परकर. शिंप्याची एक पिशवी, मॅचिंग सेंटरची दुसरी. ज्या कपड्यासाठी चिठ्ठी लिहायचाही कंटाळा आला, तो बोहारणीचा. उरलेले जोडीने टांगा, साडीच्या घडीतच तिचा ब्लाउज आणि परकर ठेवा.

आणि पिशवी आत्ताच नेऊन द्या. गणपती झाले की शिंप्यांकडे नव्या कपड्यांची गर्दी सुरू होते, मग दिवाळीपर्यंत दुरुस्तीचं काम कुणी हातात घेत नाही.