दिवे लागतात, पण गाडी निघत नाहीं

आपल्या माहीम गांवीं एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी सकाळीं मुकाट्यानें सुरू होते. रात्रीं मात्र, रुग्णास पालघरला न्यावयाचें असतां, नुसती ‘टक्’ करून स्वस्थ बसते. दिवे तर लखलखीत! मग कोणी म्हणतो, विजेचा दोष नाहीं. कोणी घाईनें नवी बॅटरी आणतो. दोघेही बहुधा फसतात.

विद्यार्थिमित्रांनो, ओहमचा नियम आठवा. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेनें बॅटरीच्या सांध्यावर क्षार चढून ०.०५ ओहम रोध झाला, असें समजा. दिव्यांस १० अँपिअर पुरतात. सांध्यांत अर्धाच व्होल्ट खर्ची पडतो. स्टार्टरला सुमारें १०० अँपिअर हवे. तितके वाहूं लागल्यास १२ पैकीं ५ व्होल्ट तेथेंच गडप होतील! सांधा किंचित् हलला कीं रोध घटतो. म्हणून हा दोष लपंडाव खेळतो.

तो प्रकट असतांनाच धरावा. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून एकानें किल्ली फिरवावी. दुसऱ्यानें व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या खुंटीस, दुसरी तिच्यावरील पकडीस लावावी. कांटा शून्याजवळ राहिला, तर सांधा निर्दोष. पुढचे सांधे तसेच तपासावे. व्होल्टभर सरकला, तर सांधा घासून घट्ट आवळावा.

साक्ष घेतल्यावांचून निवाडा करूं नये, हा धडा यंत्रांपुरताच नाहीं.